वरची पुढे गेली

९ जानेवारी, शुक्रवार

वरचीने आज पडदे बदलले. पिवळे! असे पिवळे की रस्त्यावरूनसुद्धा डोळ्यांवर येतात. दुपारी वर स्टुलाची ओढाओढ चालली होती. मला वाटलं पडली की काय, म्हणून धावत जिना चढले. तर ही स्टुलावर उभी राहून गुणगुणतेय.

"ताई, कसे दिसतात?"

"छान," म्हटलं आणि खाली आले. खालचं दार माझ्या हातून जोरात लागलं. लागलं म्हणजे मीच लावलं.

वरची म्हणजे माझी जाऊ. एक घर, दोन मजले, दोन भाऊ. खाली आम्ही, वर भाऊजी आणि ती. सप्टेंबरात दोघे भाऊ आमच्या गाडीतून एक मोठा आरसा पोहोचवायला गेले. धुकं होतं. वळणावर गाडी खाली गेली. हेही गेले, भाऊजीही गेले. आरसा म्हणे शाबूत होता. हे मला कुणी कशाला सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं, आणि आता ते डोक्यातून जात नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांशिवाय झोप यायला हवी असेल तर मनात येईल ते कागदावर काढत जा. काढलं. पिवळे पडदे निघाले.

११ जानेवारी

अंघोळ केली. बाकी काही नाही.

१४ जानेवारी

लेकीचा फोन. ती दूर, तिच्या नोकरीच्या गावी. रोज विचारते, "जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

इथे मी अडकते. खोटं बोलायलासुद्धा आधी विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात तिला कळतं.

"आई, काकूकडे बघ जरा. तिचंही तेवढंच गेलंय ना?"

तेवढंच! दोघींचं कुणी काट्यावर टाकून बघितलंय का? पण बोलले नाही. "बघते" म्हटलं. आणि खरंच बघते मी. दिवसभर दुसरं करते काय? खिडकीशी बसते आणि वरची कधी बाहेर पडली, कधी आली, हातात कसल्या पिशव्या होत्या, चेहरा कसा होता, सगळं बघते. घरातली कामं पडून आणि मी हेरगिरीवर!

आज ती येताना कुंडी घेऊन आली. फूल आलेली.

२१ जानेवारी

वरून मोठमोठ्या पिशव्या खाली उतरल्या. भाऊजींचे कपडे. सगळे! शर्ट, स्वेटर, तो निळा कोटसुद्धा — चारचौघांत जायचं म्हटलं की भाऊजी तोच घालायचे, किती ऐटीत! कपडे नेणाऱ्या संस्थेची गाडी दारात उभी होती. वरचीने पिशव्या अशा चढवल्या जशी रद्दी घालावी. मग माझ्याकडे वळून —

"ताई, तुमच्याकडचे काही द्यायचे असतील तर थांबतील हे लोक."

"नाहीत."

"बरं. घाई नाही."

घाई नाही म्हणे! स्वतः कपाट झाडून मोकळी झालीस आणि मला शिकव.

दुपारी इरेला पेटले. तिला जमतं तर मला का नाही? ह्यांचं कपाट उघडलं, सगळं पलंगावर ओतलं. तीन ढीग करायचे — द्यायचे, ठेवायचे, फाटके. पहिलाच हाताला लागला तो दुकानातला शर्ट. बाहीवर सरसाचा डाग. त्या डागावरून मी किती डोकं खाल्लं होतं ह्यांचं! ठेवायचा. दुसरा — ठेवायचा. एक बनियन, नुसती भोकं — तोही ठेवायचा! शेवटी एकच ढीग झाला आणि तो होता तसा कपाटात गेला. मोजे तेवढे द्यायचे म्हणून बाजूला काढले होते. संध्याकाळी उठून तेही आत ठेवले.

नापास.

२ फेब्रुवारी

वरचीला नोकरी लागली. दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर. फोन घ्यायचे, नंबर द्यायचे, घाबरलेल्या माणसांशी गोड बोलायचं.

ही बातमी मला समोरच्या काकूंनी सांगितली. वर राहते ती, आणि कळतं मला रस्त्यापलीकडून.

"एकाच दिवशी, एकाच गाडीत दोघींवर कोसळलं हो. पण ती बघा, कशी उभी राहिली!"

आणि मी काय आडवी होते? तिथेच उभी होते की, दुधाची पिशवी हातात घेऊन!

सगळ्यांना असंच वाटतं. दोघींना पेपर एकच आलाय, वेळही एकच. ती पुरवणी मागतेय आणि मी अजून पहिल्या पानावर नाव घालतेय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. हेच तर डोक्यात जातं.

६ फेब्रुवारी

बस्स झालं. वेळापत्रक केलं. लवकर उठणे, चालायला जाणे, नाश्ता (खरा), दुकान, वाचन. वरचीचं जसं चालतं तसंच. स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं. ठळक अक्षरांत.

७ फेब्रुवारी

उठले! चालायलाही गेले. कोपऱ्यावर वळले तर समोरून वरची. धावत! नवे बूट!

"अरे वा ताई!" म्हणाली आणि पुढे गेली.

मी तिथूनच माघारी फिरले.

८ फेब्रुवारी

वेळापत्रक फाडलं. भिंतीचा रंग पण निघाला त्याच्याबरोबर. चांगलं झालं.

१६ फेब्रुवारी

ती कामावर जाते तर मी का नाही — म्हणून आज दुकानाची किल्ली घेतली.

आमचं दुकान फ्रेमिंगचं. लोक फोटो आणतात, चित्रं आणतात, पोरांची प्रमाणपत्रं आणतात, आम्ही चौकटीत बसवून देतो. पट्ट्या कापणं, सांधे जुळवणं, काच कापणं हे ह्यांचं. मापं, मागचा पुठ्ठा आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. आयुष्य गेलं आमचं त्या एवढ्याशा जागेत एकमेकांच्या कोपरांना धक्के देत.

शटर अर्धं वर केलं. लाकडाच्या भुशाचा वास आला. वाकून आत गेले. टेबलावर ह्यांचा जवळचा चष्मा, नेहमीसारखा उलटा. काचा खाली! माणूस काचेच्या धंद्यात आणि स्वतःच्या चष्म्याची ही तऱ्हा! लाख वेळा सांगितलं असेल, अहो काचा वर करून ठेवत जा, चरे पडतात. आजही तोंडातून निघालंच, "अहो —"

शटर पाडलं. पळत सुटले म्हटलं तरी चालेल.

वाटेत शेजारी एक स्कूटर थांबली. "ताई, बसा, सोडते." वरची! डोक्यावर हेल्मेट! भाऊजींची स्कूटर. त्यांनी कधी हात म्हणून लावू दिला नाही तिला. "हिच्या हातात दिली तर भिंतीला डकवून येईल," म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो. ती पण हसायची. भाऊजी असे, चार माणसांत बसले की हसवून हसवून पोट दुखवायचे. गेल्यावर केवढी माणसं लोटली होती त्यांच्यासाठी! आणि त्यांचीच गाडी घेऊन ही गावभर भिरभिरतेय. शिट्टी वाजवायची तेवढी बाकी.

बसले नाही. "मला चालायचंय," म्हटलं. चप्पल चावत होती तरी चालत आले.

२४ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहायची टाळतेय. लिहून टाकते.

गाडी हे चालवत होते.

वरची ह्यावर एक शब्द बोललेली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. पण माझ्यासमोर ती एकदाही रडली नाही. एकदाही! आधी जेवणखाण झालं की खाली येऊन गप्पा मारत बसायची. आता येत नाही. जिन्यात गाठ पडली की पाण्याची मोटर, कचऱ्याचा डबा, गच्चीची किल्ली. संपलं. नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी.

म्हणजे काय ते कळतंच ना? तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला नेलं. असंच ना?

मी विचारत नाही. "हो" म्हणाली तर?

१ मार्च

भात करपला. तोच खाल्ला.

१० मार्च

बेल वाजली. कोपऱ्यावर केस कापायचं दुकान आहे ती बाई. तिने तिच्या आईच्या हातचा भरतकामाचा रुमाल फ्रेम करायला दिला होता. ऑगस्टात! मी साफ विसरले होते.

"मी घाई नव्हते करणार," ती म्हणाली. "पण दुकानाला रंग दिलाय. भिंत मोकळी दिसते."

"दुकान बंद आहे," मी म्हटलं. "दिसत नाही का?"

असं बोलले! घरी आलेल्या माणसाशी! ती बिचारी दोन पावलं मागे सरकली.

"नुसता रुमाल परत मिळाला तरी चालेल हो. आईचा तेवढाच आहे."

तेव्हा कुठे माझा आवाज खाली आला. बघते म्हटलं. ती गेल्यावर मीच दाराशी बसले, बराच वेळ. दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याइतकी वाईट झाले का मी?

११ मार्च

गेले दुकानात. चष्म्याकडे बघितलं नाही. त्याच्यावर फडकं टाकलं.

रुमाल सापडला. ह्यांनी चौकट करून ठेवली होती! चारही सांधे असे जुळलेले की नख घालायला जागा नाही. फक्त काच राहिलेली.

नुसता रुमाल देऊन टाकता आला असता. पण तयार चौकट अशी रिकामी बघवेना. म्हटलं, काच मीच कापते. एवढी वर्षं बघतेय, त्यात काय मोठं? पट्टी लावायची, हिऱ्याने रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर धरून दाबायचं. हे करायचे तेव्हा टक् असा आवाज यायचा, बिस्किट मोडल्यासारखा.

पहिली काच भलतीकडेच तडकली. दुसरी रेघेवरून गेली आणि मध्येच वळली. तिसरीला मी रेघ दोनदा मारली. हे ओरडले असते — रेघ एकदाच! तिचे तर तुकडे तुकडे झाले. अंगठा कापला. तिथेच फतकल मारून बसले आणि ओरडले. शब्द नाहीत, नुसतं ओरडले. बाजूच्या किल्लीवाल्याने शटर वाजवून विचारलं, "काय हो, काय झालं?"

"काच फुटली," म्हटलं.

वरची असती तर एव्हाना दुसरी शाखा काढून बसली असती.

१८ मार्च

अजून एक काच. तिरकी.

३ एप्रिल

आज भांडले. भांडण तरी कसलं, मीच बोलले.

जिन्यात मधल्या पायरीवर बसून वरची फोनवर कुणाशी तरी बोलत होती. आणि हसत होती. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून. मी दुकानातून आले होते, हाताला पट्टी गुंडाळलेली, आजही काच वाया गेलेली. माझा तोल गेला.

"तुला काही वाटतं की नाही गं?"

तिने फोन ठेवला. "काय झालं, ताई?"

"काय झालं? वर्ष तरी झालंय का? पडदे काय, धावणं काय, गाडी उडवणं काय! मला शर्ट हलवत नाही एक, आणि तू! माणूस होता तो, जुना पलंग नव्हता भंगारात द्यायला!"

तिचा चेहरा पांढरा पडला. खरंच पांढरा. उठली, कठडा धरला. मला वाटलं आता बोलणार. गाडी कोण चालवत होतं ते आता काढणार. मी तयारच होते.

ती एवढंच म्हणाली, "वाटतं, ताई. पण तुम्हाला वाटतं ते नाही वाटत."

आणि वर गेली. दारसुद्धा हळू लावलं.

ह्याचा अर्थ काय घ्यायचा मी? तुम्हाला दुःख, मला राग — असंच ना? तुमच्यावर राग, तुमच्या माणसावर राग?

४ एप्रिल

जीभ का झडली नाही माझी काल.

तरी वर जाऊन माफी मागता आली नाही. दोन पायऱ्या चढले आणि उतरले.

२५ एप्रिल

वरची जिन्यात दिसतच नाही. मी बाहेर पडले की तिचं दार वाजतं. आत जाण्याचं.

मी रोज दुकानात जाते हल्ली. काम करते असं नाही. शटर अर्धं ठेवते आणि आत बसते. कधी भुसा झाडते. कधी नुसतीच बसते आणि घरी येते. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे दुकान सुरू केलंस?" नाही गं बाई. बसते. "मग उपयोग काय?" मला काय माहीत उपयोग काय!

आज रद्दी काचेवर रेघ मारली. मनात काही नव्हतं. वरचीही नव्हती, खरंच. दाबलं.

टक्.

सरळ! काठ बोटाने तपासला. अगदी सरळ! आणि मग तशीच खाली बसले, कारण हे सांगायचं कुणाला? सांगायचं ते एकच माणूस होतं.

९ मे

केस कापणाऱ्या बाईला रुमाल दिला. काच मी कापलेली. एका कोपऱ्यात केसभर फट राहिली आहे, मला दिसते, तिला दिसली नाही. तिने लगेच भिंतीवर लावून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा, केस बघा कसे झालेत!"

आरशात बघितलं. खरंच, झाडूसारखे. बसले. ती कापत होती आणि तिच्या आईबद्दल बोलत होती, कशी तापट होती, कशी धागा दाताने तोडायची. मीही बोलले. ह्यांच्याबद्दल. चष्म्याची गोष्ट सांगितली. ती हसली. मीही हसले — आणि ताबडतोब वाटलं, अरे, मी हसले!

घरी येताना वरची खिडकीत होती. वाटलं, बघ म्हणावं, मीही केस कापले. कापले तरी तिच्याशीच शर्यत! कधी सुटणार हे माझं?

१४ जून

लेक आली आहे. आल्या आल्या घर आवरायला काढलं. कपाट उघडलं, आणि बंद केलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, दुकान विकू या. तू माझ्याकडे चल."

"नाही."

"अगं पण तू तिथे करतेस काय? बसतेस! काकू बघ, तिने —"

"काकू, काकू, काकू!" भांडं आपटलं मी. "तुझी काकू पळते, मग पळू दे की! मला नाही पळता येत. मी रांगतेय. रांगताना मागून ढकललं तर तोंडावर पडते मी, कळतं का? सगळ्यांनी मिळून ढकलताय. तू, समोरची, डॉक्टरीण! मला शर्ट नाही देता येत. उद्याही नाही देता येणार. पुढच्या वर्षी येईल, नाही तर नाही येणार. माझं माझ्या चालीने होऊ दे!"

तिचा चेहरा असा झाला — शाळेत पहिल्या दिवशी सोडून आले होते तेव्हा झाला होता तसा.

"मला भीती वाटते गं," म्हणाली. "फोन उचलला नाहीस की वाटतं तू पण गेलीस. काकू दिसते ना, हसताबोलताना, तर वाटतं की त्यातून बाहेर येता येतं. म्हणून सांगते मी. तुला हिणवायला नाही."

मला हे सुचलंच नव्हतं कधी. बाप तिचाही गेलाय.

१५ जून

आज दोघींनी मिळून कपाट उघडलं. काही आवरलं नाही. नुसते कपडे बघितले. लेकीने ह्यांचा करडा मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि विचारलं, "नेऊ?"

ने म्हटलं.

कपाटातून बाहेर गेलेली पहिली वस्तू.

२० जुलै

काय उपयोग! वाटलं होतं सरकले थोडी पुढे. आज दुकानात एक माणूस आला. मागून आवाज अगदी ह्यांचा. "आहे का कुणी?" मी वळले — कुणी परकाच. फोटोचं माप सांगत होता. मी ते चुकीचं लिहिलं, पुन्हा चुकीचं लिहिलं, शेवटी म्हटलं उद्या या. घरी येऊन पांघरुणात शिरले. भर दुपारी. सगळं पहिल्यापासून!

आणि वरची दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर डोंगरात गेलीय फिरायला. समोरच्या काकूंनी मोबाइलवर फोटो दाखवला. धबधब्याखाली हात पसरून उभी. ओलीचिंब.

ही बाई कधी मागे वळतच नाही का?

२१ जुलै

उठले नाही.

२३ जुलै

उठले. दुकानात गेले. त्या माणसाच्या फोटोला काच लावली. सरळ कापली. आनंद झाला नाही. पण कापली.

२२ ऑगस्ट

वर्ष होत आलं. मनात घोळत होतं की दोघा भावांचे फोटो करायचे. एक खाली, एक वर. लेकीने तिच्याकडचे मोठे करून पाठवले. पट्टी निवडली, गडद, साधी. ह्यांच्या फोटोला काही हात लावता येईना, म्हणून आधी भाऊजींचा केला. निळ्या कोटातला, हसताहेत. सांधे मी जुळवलेले, काच मी कापलेली, कुठे फट नाही. खरं सांगते, आजवर माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम.

आणि मनात हेही होतं की त्या जिन्यातल्या बोलण्याची माफी तोंडाने जमत नाही, तर अशी मागावी. गाडीबद्दलची पण.

कागदात गुंडाळून वर गेले. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. वरचीने पाणी दिलं. मी कागद सोडला, फोटो पुढे केला.

तिने हात मागे घेतले. दोन्ही. पाठीमागे, लहान मूल घेतं तसे.

"ताई, हा इथे नको."

"अगं, मी स्वतः —"

"दिसतंय. फार सुंदर केलाय. पण इथे नको. प्लीज."

भिंतीकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं. भाऊजींचा एकही फोटो नव्हता. लग्नाचा असायचा दारासमोर, तोही नाही. खिळासुद्धा काढून भोक बुजवलेलं.

फोटो छातीशी धरून खाली आले.

२३ ऑगस्ट

एवढा राग! माणसाचं नाव पुसून टाकायचं घरातून? चूक ह्यांची असेल, गाडी ह्यांच्या हातात होती, तर माझं तोंड बघू नकोस. पण स्वतःच्या नवऱ्याचा फोटो? त्याने काय केलं होतं तुझं? पुढे जायचं म्हणजे इतकं पुढे?

भाऊजींना मीच माझ्याकडे भिंतीला लावलं. ह्यांची जागा शेजारी रिकामी ठेवली आहे. ह्यांचा होईल तेव्हा होईल.

२५ ऑगस्ट

डोकं दुखतंय. दुकान नाही.

२९ ऑगस्ट

वरची सकाळी खाली आली. दारातच थांबली. आत ये म्हटलं तरी येईना. भिंतीवरच्या फोटोकडे तिची पाठ.

"ते मला मारायचे, ताई. लग्न झाल्यापासून. दिसेल असं कधी मारलं नाही."

मी खुर्ची धरली. गाडीचं काहीतरी बोलायला गेले. तिने मान हलवली, गाडी नाही, गाडीबद्दल मनात कधीच काही नव्हतं. मग म्हणाली, "ज्या गाडीने तुमचं सगळं नेलं, तिनेच मला सोडवलं. हे तुमच्या तोंडावर कसं सांगायचं होतं मी?"

इतकी वर्षं मी तिच्या पायाखाली राहत होते. काही कळलं नाही मला.

फोटो भिंतीवरून उतरवला. तिला हाताला धरून आत घेतलं. मग मला रडू फुटलं, ह्यांच्यासाठी, आणि कशाकशासाठी. तिने रडू दिलं. ती रडली नाही. मीही तिला रड म्हटलं नाही.